डाएटिशियनच्या घरचं ताट: मासे सुटले, दूध सुटलं, मग बी-१२ नं धरलं

विभाग: आहार आणि आरोग्य
धागाकर्ती: आमसूल

इथे दर पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारतं, "व्हीगन (म्हणजे मांस-मासे, अंडी, दूध सगळंच सोडून) व्हावं का?", "मुलांचं दूध बंद केलं तर चालेल का?" मी दर वेळी अर्धा प्रतिसाद टाइप करते आणि खोडते. दोन ओळींत सांगण्यासारखं ते नाही आणि माझा स्वतःचा इतिहासही फारसा अभिमानाचा नाही. आज लेक मामाकडे गेलीय, नवरा मॅच बघतोय, तर लिहूनच टाकते. लांबलंय, आधीच सांगते.

मी डाएटिशियन. एसएनडीटीच्या जुहू कॅम्पसला शिकले, मग मध्य मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात नऊ वर्षं काढली, आता माहीमला घराजवळच छोटी प्रॅक्टिस आहे. माहेर वेंगुर्ल्याचं, सासर अलिबागकडचं सीकेपी. दोन्हीकडून माशांचा वारसा भक्कम.

ओपीडीत आम्ही पेशंटला काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात टाकलं ते विचारून लिहून घेतो. "मॅडम, आम्ही प्युअर व्हेज" असं ठसक्यात सांगणाऱ्यांचा कागद साधारण असा असायचा: चहा-खारी. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याच्या काचऱ्या. चारला चहा आणि फरसाण. येताना स्टेशनबाहेर वडापाव. रात्री खिचडी, पापड, लोणचं. यात प्राण्याचं म्हणाल तर चहातलं दूध तेवढं. तरी शुगर अडीचशे. म्हणून "वनस्पतीजन्य आहार घेतला की सगळं बरं होतं" असा फॉरवर्ड आला की माझ्या डोळ्यांपुढे ती खारी येते.

२०१८ च्या सुरुवातीला रुग्णालयानं कर्मचाऱ्यांच्या तपासण्या केल्या. माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८. वय ३६. रोज दहा जणांना तूप, चीज आणि बेकरीवर प्रवचन देणारी मी तो कागद पर्समध्ये घालून घरी आले आणि दोन दिवस कुणाला दाखवलाच नाही. मग ठरवलं, सहा महिने मासे-मटण-अंडी बंद, दूधतूप बंद, डाळी-कडधान्यं आणि भाज्यांवर राहायचं. बघू या.

मासे सुटणं अवघड जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं, मलाही. पण एका रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीनं खुणा करत बसले. सोमवार, गुरुवार, शनिवार साबा (सासूबाई) खात नाहीत. मंगळवार गणपतीचा. उरले बुध-शुक्र-रवि. त्यातून श्रावण ते गणपती वजा. चतुर्थी-एकादशी वजा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ते ६१ दिवस बाजारात बर्फातलं जे येतं त्याला साबा हात लावत नाहीत. हिशोब करता वर्षाचे जेमतेम एकशेदहा दिवस निघाले! स्वतःला मत्स्याहारी म्हणवणारं आमचं घर वर्षातले दोनशेपन्नासहून जास्त दिवस वालाचं बिरडं, मटकी, चवळी, कुळथाचं पिठलं, अळू, फणस आणि आमटीवरच जगत होतं. मला नवं काही शोधायचं नव्हतंच.

खरी पंचाईत दुधानं केली. आमच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात डावीकडे सायीचं पातेलं असतं. गेली पस्तीस वर्षं ते तिथेच आहे, फ्रिज तीन झाले. आठवड्याची साय जमली की विरजण, ताक, लोणी आणि शनिवारी दुपारी कढवलेल्या तुपाचा वास. भातावर वरण, वरणावर तूप. मी ताटावर हात आडवा धरला तेव्हा साबांचा चमचा हवेत तसाच राहिला. बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी बाबांना (माझ्या सासऱ्यांना) म्हणाल्या, "तिला माझ्या हातचं नको झालंय." हे मला नवऱ्याकडून तिसऱ्या दिवशी कळलं. पोषणशास्त्राच्या कुठल्याही पेपरला हा प्रश्न आला नव्हता.

सहा महिन्यांनी एलडीएल ११९. (यात दूध-तुपासोबत खारी आणि पनीर पकोडाही बंद झाला होता. श्रेय कुणाला किती, ते मी वाटून देऊ शकत नाही.) झालं, मला शिंगं फुटली. सहा महिन्यांचा प्रयोग कायमचा झाला. लोकांना सांगत सुटले.

२०२१ च्या पावसाळ्यात तळपायांना मुंग्या यायला लागल्या. आधी चपलांना दोष दिला. मग दुपारी थकवा, मग बोलता बोलता शब्द हरवायला लागले. पेशंटला "कडधान्य" म्हणायचं आणि तो शब्दच येईना. हिमोग्लोबिन करून बघितलं, १२.६. छान! म्हणजे काही नाही. आणखी दोन महिने तसेच काढले. शेवटी ओळखीच्या डॉक्टरबाईंनी बळेच बी-१२ या जीवनसत्त्वाची तपासणी करायला लावली. १३८. आमच्या लॅबच्या कागदावर २०० च्या खाली कमतरता लिहितात.

त्यांनी एकच विचारलं, "तुझ्याकडे दूध सोडलेला पेशंट आला तर तू पहिलं काय सांगतेस?"

पहिलं हेच सांगते, बी-१२ ची गोळी. तीन वर्षं सांगत होते. स्वतः घेतली नव्हती. का नाही घेतली याला माझ्याकडे उत्तर नाही. आपल्याला माहीत आहे म्हणजे आपल्याला होणार नाही, असं काहीसं असावं.

ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी: बी-१२ वनस्पती बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत, ते जिवाणू बनवतात आणि आपल्याला मासे, अंडी, मांस, दूध यांतून मिळतं. पालकात नाही, बीटात नाही, मोड आलेल्या मुगात नाही. स्पिरुलिनाच्या (शेवाळाच्या पावडरीच्या) डबीवर लिहिलेलं असतं, पण त्यातलं बहुतेक बी-१२ सारखं दिसणारं आणि शरीराला न चालणारं असतं. इडलीच्या आंबण्यावरही भिस्त ठेवू नका. मासे खाणारीच्या यकृतात साठा असतो, तो दोन-चार वर्षं पुरतो. म्हणून सोडल्या सोडल्या काही होत नाही आणि माणूस मिरवत राहतो. माझ्यासारखा.

इंजेक्शनं घेतली. मुंग्या जायला पाच महिने लागले, डाव्या पायाचा अंगठा अजून थोडा बधिर आहे.

मग घरात काय बदललं? पहिल्यांदा स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. पाच माणसांच्या वरणाला साबा एक वाटी तूरडाळ लावायच्या. भरली १३० ग्रॅम. माणशी २६. म्हणजे प्रथिनं साडेपाच-सहा ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम धरली आहेत, कोरडी. ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. आपलं पिवळं पाणी भातावर कितीही मायेनं ओतलं तरी तिथवर पोचत नाही. आता वरणाला दीड वाटी डाळ आणि रात्री रोज एक उसळ. तोंडी लावण्यापुरती नाही, वाटी भरून. एवढंच. टोफू, बदामदूध, क्विनोआ यातलं काही आमच्या घरात नाही. परवडत नाही असं नाही, पण दोनशे रुपयांचं पाकीट कशाला आणायचं ते साबांना समजावता आलं नाही आणि मग मलाही समजेना.

सध्याची स्थिती: मी मासे-दूध खात नाही, गोळी घेते. नवरा आणि बाबा रविवारी मासे खातात. लेक (वय ११) दही आणि अंडं खाते. साबा जे होतं तेच खातात. सायीचं पातेलं जागच्या जागी आहे.

विचारा काय विचारायचं ते. फक्त रिपोर्टचे फोटो टाकून "मॅडम, औषध सांगा" करू नका.

---

सुकट:
पहिला! पॉपकॉर्न (लोणी न लावता) घेऊन बसलोय.
कॅलेंडरचा हिशोब वाचून बायकोला दाखवला. आमचे १३४ दिवस निघाले. ती म्हणाली, तरीच तू उरलेले दिवस कुरकुरत असतोस.

बटाट्याची_काचरी:
माझ्या आयडीची बदनामी थांबवा. धागा सुंदर, वाखु (वाचनखूण) साठवली.

लेकुरवाळी:
आमसूलताई, अगदी वेळेवर आलात. माझा मुलगा १४ महिन्यांचा. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की गायीचं दूध बंद करून बदामाचं दूध द्या, सर्दी कमी होते. चार दिवस देतेय. साबा चिडल्यात. बरोबर आहे ना पण?

आमसूल:
@लेकुरवाळी, या एका बाबतीत तुमच्या साबांच्या बाजूनं उभी राहते, माफ करा. बाजारातल्या बदामाच्या दुधात बदाम नावाला आणि पाणी भरपूर. ग्लासभर प्यायलं तर प्रथिनं एखादा ग्रॅम. या वयात मूल जे काही पोटात घेतं त्यातला ग्लासभर असा वाया घालवणं परवडत नाही. अंगावर पाजत असाल तर ते चालू राहू दे. दुधाची अ‍ॅलर्जी असेल असं वाटत असेल तर मुलांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, ऑफिसातल्या माणसाकडून नको.

आणि एक, जे मी स्वतः आधी चुकीचं सांगत होते. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली म्हटलं होतं की नीट आखलेला शाकाहारी-व्हीगन आहार सगळ्या वयांना चालतो, गरोदरपणातही. ते वाक्य आम्ही सगळ्यांनी तोंडपाठ केलं. २०२५ ला त्यांनी नवं पत्रक काढलं, ते फक्त प्रौढांपुरतं आहे, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया वगळून. लहान मुलांना चालत नाही असं त्यात म्हटलेलं नाही, पण जुनं वाक्य दाखवून कुणी तुम्हाला हमी देत असेल तर ऐकू नका. "नीट आखलेला" हे शब्द लोक गाळतात. १४ महिन्यांच्या पोराचं वजन-उंचीचा तक्ता न बघता मी तर काहीच आखणार नाही.

लेकुरवाळी:
बंद केलं. साबांना सांगितलं नाही की कुणी सांगितलं म्हणून. ;)

हिरवा_चाफा:
लेख प्रामाणिक आहे, पण शीर्षकात दूध-मासे सुटले म्हणायचं आणि मुलीला अंडं-दही द्यायचं, हे कसं? दूध म्हणजे वासराच्या तोंडचं काढून घेतलेलं. तब्येतीच्या पलीकडेही काही असतं. तुम्ही व्हीगन नाही आहात.

आमसूल:
नाहीच आहे. व्हीगन हा शब्द मी लेखात स्वतःसाठी एकदाही वापरलेला नाही, परत बघा. १९४४ साली इंग्लंडात ज्यांनी तो शब्द काढला त्यांच्यासाठी प्राण्याचा प्रश्न पहिला होता, ताटाचा नंतर. तुमचं तेच असेल तर मला आदर आहे. माझी सुरुवात एलडीएलच्या कागदापासून झाली, ती नंतर बदलून सांगणं खोटं होईल. लेकीचं म्हणाल तर ती अकरा वर्षांची आहे, पुढच्या वर्ष-दोन वर्षांत पाळी सुरू होईल, उंची वाढतेय. मोठी होऊन तिनं काय सोडायचं ते ती ठरवेल. गोळीचं मात्र मी आत्तापासूनच सांगून ठेवलंय.

पंचवीस_पैसे:
मला हा सगळा प्रकारच संशयास्पद वाटतो. काल "शाकाहार", आज "प्लँट-बेस्ड". मुंबईत अजून "नॉनव्हेजवाल्यांना नाही" म्हणून घरं नाकारतात. मी स्वतः दोन ठिकाणी ऐकलंय, एकदा तर डिपॉझिट दिल्यानंतर. आता तेच सोवळं इंग्रजी नाव घेऊन आलंय आणि त्याला डाएटिशियनचा शिक्का. शाळेतल्या पोरांच्या ताटातलं अंडं काढायला हेच लेख दाखवतील उद्या.

सुकट:
+१. हे मनातलं बोललात.

ताकभात:
अहो पण बाई काय लिहितायत आणि तुम्ही कुठे नेताय! प्रत्येक धाग्यावर जात आणलीच पाहिजे का?

आमसूल:
@ताकभात, नाही, त्यांना बोलू द्या. पंचवीस पैसे म्हणतायत त्यात तथ्य आहे.
सरकारी शाळांतल्या मुलांना आठवड्याला एक अंडं द्यायचं, असं राज्यानं २०२३ च्या अखेरीस ठरवलं आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचे पैसे बंद केले. मी तेव्हाही ते चुकीचं म्हणत होते, आजही म्हणते. ज्या घरात दोनदा डाळ शिजत नाही तिथल्या पोराला त्या एका अंड्यातून मिळणारं बी-१२ आणि उत्तम प्रतीचं प्रथिन दुसरीकडे कुठून मिळणार? मला अंडं सोडता येतं कारण माझ्याकडे वजनकाटा आहे, गोळी आहे, डॉक्टरबाई आहेत. तरी १३८ वर आले. कुणाच्या ताटातलं काढायला माझा लेख कुणी दाखवला तर त्यांना हा परिच्छेद दाखवा.

पंचवीस_पैसे:
ठीक. मागे घेत नाही, पण ठीक. :)

नवजीवन_हेल्थ:
[जाहिरात असल्यामुळे प्रतिसाद काढून टाकला आहे. – संपादक]

सुकट:
अरेरे, मला त्या मटारच्या प्रोटीन पावडरचा नंबर हवा होता.

मुक्काम_विरार:
ताई, एक बाळबोध प्रश्न. सकाळी ६.५२ पकडते, रात्री आठला घरी. रोज उसळ कधी करणार? मोड आणायला दोन दिवस लागतात. तुमच्याकडे साबा आहेत, माझ्याकडे मीच.

आमसूल:
तुमचा प्रश्न बाळबोध नाही, सगळ्यात अवघड तोच आहे. आमच्याकडे साबा आहेत म्हणून जमतं, हे लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं.
मोड न आणताही उसळ होते. मसूर भिजवावेही लागत नाहीत, कुकरला चार शिट्ट्या. चवळी सकाळी निघताना भिजत टाका, रात्री शिजते. रविवारी छोले-राजमा-हिरवे वाटाणे भरपूर शिजवून डबे भरून फ्रीझरला टाका, मी स्वतः ते करते. दादरला, आणि बहुतेक तुमच्याकडे स्टेशनबाहेरही, बायका मोड आलेली मटकी-मूग पाटीत घेऊन बसतात, त्या विकत घेण्यात काहीही कमीपणा नाही, फक्त धुऊन नीट शिजवा. आणि शेंगदाणे. मूठभर भाजलेले शेंगदाणे गाडीतसुद्धा खाता येतात. ३० ग्रॅमला सात-साडेसात ग्रॅम प्रथिनं.
मोडांचा फायदा आहे, नाही असं नाही. भिजवून मोड आणले की कडधान्यातलं फायटेट (लोह अडवून धरणारा पदार्थ) कमी होतं आणि लोह जास्त अंगी लागतं. पण मोड नाहीत म्हणून उसळच नाही, असं नको.

मुक्काम_विरार:
मसूर चार शिट्ट्या. लिहून घेतलं. लोहाचं विचारणारच होते, माझं हिमोग्लोबिन ९.४ आहे.

आमसूल:
९.४ ला आधी डॉक्टर. गोळ्या लागतील, नुसत्या पालकावर ते वर येणार नाही. आणि तुम्ही एकट्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघालाय, त्यात मासे-मटण खाणाऱ्याही आल्या. जेवणाचं म्हणाल तर दोनच गोष्टी. उसळीवर लिंबू पिळा, कारण क जीवनसत्त्वानं वनस्पतीतलं लोह शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ दे. डबा खाल्ला की टपरीवर जायची आपली पद्धत लोहाला फार महाग पडते.

ज्येष्ठ_नागरिक:
मी ७१. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन १४ वर्षं चालू. शाकाहारी, पण दूध-दही रोज. मला तर बी-१२ ची काळजी नाही ना?

कोयरी:
(डॉक्टर आहे, म्हणून मध्ये बोलतो.) काका, तुम्हाला आमसूल यांच्यापेक्षा जास्त आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ चं शोषण कमी होतं. सोबत रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी असेल तर आणखी भर, वयानं जठरातलं आम्लही घटतं. पायांच्या मुंग्या शुगरच्या खात्यावर टाकून बसलेले कितीतरी लोक बघतो, त्यातल्या काहींच्या मुंग्या बी-१२ च्या निघतात. पुढच्या वेळी एचबीएवनसीसोबत (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) तेही लिहून मागा.
आणि दूध-दही खाणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ मध्ये छापलं होतं, त्यात तपासलेल्या पुरुषांपैकी ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी होतं आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. कपभर चहातलं दूध म्हणजे दूध नव्हे.

ज्येष्ठ_नागरिक:
अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे. मुंग्याही आहेत. उद्याच जातो. आभारी आहे.

गिरणगाव:
लेखात एक गोष्ट खटकली म्हणण्यापेक्षा रेंगाळली. बी-१२ इतकं कमी आणि हिमोग्लोबिन चांगलं, हे कसं? आम्ही शाळेत शिकलो की बी-१२ नसलं की रक्त कमी होतं.
विचारायचं कारण, आमच्या परळला हाफकिन या संशोधन संस्थेत १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर आल्या होत्या. गिरणीतल्या गरोदर बायांना जीवघेणा रक्तक्षय व्हायचा, तांबड्या पेशी फुगून मोठ्या व्हायच्या, तो कशानं होतो हे शोधायला. माझी पणजी तेव्हा स्पिनिंग खात्यात होती, म्हणून मला या विषयाचं वेड. बाईंनी नाना प्रयोग करून शेवटी यीस्टचा अर्क, म्हणजे पावाला लावतात ते मार्माइट, दिलं आणि बाया बऱ्या झाल्या. १९३१ ला छापलं. त्यात नेमकं काय आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, "विल्स फॅक्टर" म्हणत. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला आणि पानावरून नाव दिलं फॉलिक अ‍ॅसिड.

आमसूल:
गिरणगाव, दंडवत घ्या. हे परळचं आहे हे मला शिकताना कुणी सांगितलं नव्हतं, मी पाच मिनिटांच्या अंतरावर नोकरी केली नऊ वर्षं!
आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच गोष्टीत आहे. बी-१२ कमी पडलं तरी फुगलेल्या पेशींचा तसाच रक्तक्षय होतो, कारण पेशी बनवायच्या कामात फोलेट (तुमचं फॉलिक अ‍ॅसिड तेच) आणि बी-१२ जोडीनं लागतात. फोलेट भरपूर असलं की रक्ताचं काम बरंचसं निभावून जातं, कागदावर सगळं ठीक दिसतं. नसांचं काम मात्र फोलेट करत नाही, त्या झिजत राहतात. मी तेव्हा रोज पालेभाजी, चवळी, मसूर खात होते. फोलेटची चंगळ. म्हणून हिमोग्लोबिन १२.६ आणि पायाला मुंग्या. मी नेमकी ज्या भाज्यांच्या जोरावर मिरवत होते त्यांनीच दुखणं झाकलं.
ल्युसीबाईंच्या बायांना पानांतलं हवं होतं, मला नेमकं जे पानांत नाही ते.

कोयरी:
अचूक. नुसतं हिमोग्लोबिन बघून "काही नाही" म्हणणारे आमच्यातही आहेत.

सुकट:
आता गंभीर प्रश्न. समजा उद्या मी मासे सोडले (हसू नका), तर माशातलं अजून काय काय जातं?

आमसूल:
हसत नाहीये. दोन गोष्टी. ओमेगा-३: जवसात असतं, पण जे जवसात आहे त्यातलं फार थोडं आपलं शरीर माशातल्या प्रकारात बदलू शकतं. तरी जवसाची चटणी रोज चमचा-दोन चमचे खावीच, भाजून कुटलेली, अख्खे जवस तसेच बाहेर पडतात. दुसरं आयोडीन. मासे गेले, वर कुणी सांगितलं म्हणून साधं मीठ टाकून सैंधव आणलं, की दोन्ही दारं बंद. पांढरं आयोडीनचं मीठ वापरा.
आणि दूधही सोडणार असाल तर कॅल्शियम. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तिळात हजाराच्या वर, पण ते सालासकट तिळात. वाण्याकडचे पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ दिसायला छान, कॅल्शियम बरंचसं सालाबरोबर गेलेलं असतं. गावठी, मळकट रंगाचे मागा. सुकटही द्यायची मुबलक कॅल्शियम, पण ती आता तुम्ही सोडलीत. ;)

सुकट:
नाही सोडली. विचार बदलला.

बटाट्याची_काचरी:
चहाचं सांगितलंच नाही तुम्ही. लेखाच्या सुरुवातीपासून तेच जाणून घ्यायचंय. दुधाचा चहा कसा सुटला?

आमसूल:
सुटला नव्हता बरेच दिवस. सोयाचं दूध उकळत्या चहात घातलं, फुटलं. निवल्यावर घातलं, फुटलं नाही पण मटार उकडल्याचा वास. नारळाचं दूध घालून बघितलं, नवरा म्हणाला सोलकढी गरम झालीय. शेवटी गवती चहा-आल्याचा कोरा चहा. पहिला महिना रडकुंडीला आले. आता कुणाकडे दुधाचा चहा पुढ्यात आला की साय दिसते आधी. तरी पावसात टपरीपाशी पाय रेंगाळतात, खोटं का बोला.

ताकभात:
साबांचं पुढे काय झालं? "तिला माझ्या हातचं नको झालंय" वाचून माझ्या पोटात कालवलं.

आमसूल:
हे लिहू की नको करत होते.
मी इंजेक्शनं घेत होते तेव्हा दुपारची घरी असायचे. एकदा साबा जमिनीवर परात घेऊन वाल सोलत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले आणि सोलायला लागले. दोन दिवस भिजवून मोड आलेला कडवा वाल, कोमट पाण्यात टाकला की साल सुटते, अंगठ्यानं दाबलं की दाणा टुणकन बाहेर. माझा अंगठा दाबायला उशीर करायचा, दाणे उडून कपाटाखाली जायचे. त्या बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, बोटांना पण होतंय का ते?" मी हो म्हटलं. मग त्यांनी परात माझ्याकडून ओढून घेतली.
संध्याकाळी बिरड्यात नारळाचं दाट दूध घातलं होतं, आमसूल, गूळ. वाढताना म्हणाल्या, "यात तुझं न चालणारं काही नाही. माझ्या सासूनं शिकवलं तसंच आहे." मग माझ्या ताटाशेजारी गोळी ठेवली. तेव्हापासून रोज त्याच ठेवतात, मी विसरते म्हणून. तूप वाढायला चमचा अजून उचलतात, माझ्यापाशी आला की वळवतात.

लेकुरवाळी:
ताई... _/\_

मुक्काम_विरार:
ऑफिसात वाचतेय, डोळ्यांत काहीतरी गेलं.

सुकट:
कपाटाखालचे दाणे काढलेत का मग?

आमसूल:
दिवाळीच्या साफसफाईत निघाले. सात.

ज्येष्ठ_नागरिक:
चार दिवसांनी परत आलो. बी-१२ आलं १५१. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. सौ. विचारतेय, बिरड्याला वाल कडवे घ्यायचे की गोडे, आणि पाच माणसांना किती.

आमसूल:
काका, बरं झालं कळलं. साबांना विचारून सांगते: कडवेच. पाच माणसांना पाव किलो, कोरडे मोजून. सोलायला काकूंना एकट्यांना बसवू नका, तुम्हीही बसा.